गण, गट आणि आम्ही

आम्ही मराठी शिकवतो. संगणकाशी आमचा संबंध टंकलेखनापुरता असावा असे कोणालाही वाटेल, आणि तो तेवढाच राहता तर बरे झाले असते. परंतु महाविद्यालयाच्या भाषा-प्रयोगशाळेचे काम पाहणारे गृहस्थ निवृत्त झाले, त्यांची जागा भरली गेली नाही, आणि 'तुम्हाला या गोष्टींची आवड आहे' एवढ्या एका वाक्यावर तिथली चाळीस यंत्रे आमच्या गळ्यात पडली. तेव्हापासून वारज्यातल्या आमच्या घरी, बाहेर महामार्गावरच्या ट्रकांची घरघर चालू असताना, आम्ही रात्री काळ्या पडद्यावर आज्ञा टंकू लागलो.

या व्यवस्थेत प्रत्येक यंत्राला वेगळा नियम सांगत बसत नाहीत. यंत्रांचे गट करायचे, नियम गटाला लावायचा, आणि गटात कोण आहे याची यादी निराळी ठेवायची. माणसासारखे यंत्राचेही खाते असते. त्याच्या नावाअखेर डॉलरचे चिन्ह असते इतकेच. हे कळताच आम्हाला हायसे वाटले, कारण ही रीत आमच्या ओळखीची होती. पाणिनी सूत्रात 'सर्वादि' एवढेच म्हणतो. त्यातले शब्द कोणते, ते गणपाठात पाहायचे. नियम एकीकडे, सदस्य दुसरीकडे. 'स्वरादि'सारखे काही गण तर आकृतिगण, म्हणजे उघडे: त्या रूपाचा शब्द प्रयोगात आढळला की तोही आत. आजच्या संगणकव्यवस्थांतही असे निकषावर आपोआप भरणारे गट असतात. आमचे गट मात्र हाताने भरायचे होते.

त्यासाठी विंडोज सर्व्हर २००३ बरोबर आलेली 'डीएसमॉड' ही आज्ञा आम्ही शिकलो. तिला गटाचे नाव द्यायचे आणि पुढे तीनपैकी एक खूण जोडायची: 'अ‍ॅड-एमबीआर', 'आरएम-एमबीआर' किंवा 'सीएच-एमबीआर'. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी ज्या सहा यंत्रांवर होते, त्यांचा एक गट होता. नवी दोन यंत्रे यायची होती. त्यांची खाती आधीच उघडून ती या गटात घालावीत असे आम्ही ठरवले. सदस्यत्वात बदल करायचा आहे, 'सीएच' म्हणजे बदल, तेव्हा हीच खूण योग्य, असा विचार शब्दार्थावर जगणाऱ्या माणसाने केला. वस्तुतः ती खूण जुनी यादी पुसते आणि दिलेली नावे तेवढीच ठेवते. आज्ञेने 'खात्री आहे ना?' असे विचारले नाही. आज्ञा यशस्वी झाल्याचा निर्वाळा मात्र दिला, आणि आम्ही समाधानाने झोपलो.

रात्री काहीच बिघडले नाही, कारण आपण गटात आहोत की नाही हे यंत्राला साधारणतः पुन्हा सुरू होतानाच उमगते. सकाळी शिपायाने यंत्रे सुरू केली. गटाच्या नियमात, यंत्र हद्दीबाहेर गेले तर सॉफ्टवेअर काढून टाकावे, अशी एक चौकट आधीपासून भरलेली होती. सहाही यंत्रे मुकी झाली. गटात उरली होती ती फक्त खोक्यात बंद असलेली दोन.

त्या दिवशी द्वितीय वर्षाची अंतर्गत परीक्षा होती. सात क्रमांकाच्या यंत्रावर बसणारी विद्यार्थिनी म्हणाली, "सर, आज हे बोलत नाहीये." आम्ही तिला हेडफोन नीट लावायला सांगितले. ती शांतपणे म्हणाली, "कानाचं काही नाही सर. आतूनच गेलंय."

जुनी यादी आमच्याकडे नव्हती. सहा यंत्रे कोणती, हे आम्हाला आठवेना. तिला आठवत होते. "एक, चार, सात, अकरा, बारा, वीस. आपली सहाच आहेत, सर." तिने सांगितली त्या क्रमाने, या वेळी योग्य खुणेने, आम्ही नावे घातली, यंत्रे पुन्हा सुरू केली, आणि चाळीस मिनिटांनी सातव्या यंत्राला वाचा फुटली. वेळ वाढवून दिला. गेलेले स्वास्थ्य वाढवून देता आले नाही.

यादीत नाव घालणे आणि यादी नव्याने लिहिणे यांतला फरक आम्ही तेव्हा शिकलो. तो आमच्या मूळ धंद्यात फार आधी शिकायला हवा होता. अभ्यासक्रम बदलतो तेव्हा नव्या कोणत्या लेखिका घेतल्या हे आम्ही बैठकीत अभिमानाने सांगतो. कोण गळले, हे इतिवृत्तात येत नाही. ठराव एकमताने संमत झाल्याचा निर्वाळा तेवढा असतो. गळलेल्यांची यादी कोणा वाचकाला पाठ असेल तर असेल.

आता कोणताही बदल करण्यापूर्वी आम्ही 'डीएसगेट'ने गटाचे सदस्य काढून तारखेनिशी फाइलीत ठेवतो. अभ्यासमंडळातही जुनी यादी नव्या यादीशेजारी छापावी असा आग्रह धरू लागलो आहोत. त्याला अजून फारसे अनुमोदन नाही.

'आम्ही' या शब्दाविषयीही एक. ज्याला संस्कृतात 'अस्मद्' म्हणतात तो शब्द त्याच सर्वादि गणातला. मराठीने मात्र त्याच्या जागी दोन शब्द केले: ऐकणाऱ्याला बाहेर ठेवणारा 'आम्ही' आणि आत घेणारा 'आपण'. इतक्या वर्षांच्या सवयीने आम्ही पहिलाच वापरतो. त्या सकाळी तिने दुसरा वापरला होता.