चित्र अडखळलं, विमान नाही!

मुलांनो, तुमच्या घरी, मामाकडे किंवा शाळेतल्या कपाटाशेजारी कापडाखाली झाकून ठेवलेला एखादा जुना संगणक आहे का? असेलच. 'त्याच्यावर आता काही चालत नाही' असंही कुणीतरी तुम्हाला सांगितलं असेल. मी सांगते, त्याच्यावर विमान चालतं. चालतं काय, उडतं!

आमच्या शाळेत असे तीन होते. दोन केव्हाच बंद पडलेले. तिसरा सुरू व्हायला चार मिनिटं घ्यायचा, पण व्हायचा. तिघांचीही नावं निर्लेखनाच्या यादीत, म्हणजे भंगारात जायच्या वाटेवर. बंद पडलेल्यांपैकी एकाची रॅम काढून आम्ही तिसऱ्यात बसवली, तेव्हा त्याची रॅम कशीबशी दोन जीबी झाली. वेगळं ग्राफिक्स कार्ड नव्हतंच. आत इतकी धूळ, की पंखा दिसेना! धूळ साठली की संगणक तापतो आणि तापला की स्वतःच आपला वेग कमी करतो. चित्रकलेच्या मऊ ब्रशनं ती झाडली. (हे करायचं तर प्लग काढून आणि मोठं माणूस सोबत घेऊनच, बरं का!)

मग त्याच्यावर फ्लाइटगिअर नावाचा सिम्युलेटर घातला. सिम्युलेटर म्हणजे खऱ्या विमानासारखं वागणारा प्रोग्रॅम. फ्लाइटगिअरचं काम १९९६ साली सुरू झालं, पहिली आवृत्ती १९९७ ची. जगभरातली हौशी माणसं तो मिळून बनवतात आणि फुकट देतात. २०२० साली आलेल्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरला दीडशे जीबी जागा लागायची. आमची अख्खी हार्ड डिस्क ८० जीबीची! म्हणून फ्लाइटगिअर, आणि तोही जुन्या आवृत्तीतला.

पहिल्या दिवशी काय झालं माहितेय? विमान बेडकासारखं उड्या मारत निघालं. सिनेमात एका सेकंदाला २४ चित्रं एकामागून एक दाखवतात, म्हणून आपल्याला हालचाल सलग वाटते. आमचा संगणक सेकंदाला तीनच चित्रं काढत होता.

मग आम्ही ओझं उतरवायला बसलो. ढग काढले. झाडं काढली. इमारती काढल्या. धुकं वाढवलं, म्हणजे लांबची जमीन रंगवायचं काम वाचलं. खिडकी लहान केली. हे शेवटचं गणित तुम्हीच करून बघा. पूर्ण पडदा १२८० गुणिले १०२४ ठिपक्यांचा, म्हणजे १३,१०,७२०. खिडकी ८०० गुणिले ६०० केली की ठिपके उरतात ४,८०,०००. काम पावणेतीन पटीनं घटलं! एवढं केल्यावर सेकंदाला आठ चित्रं मिळू लागली.

आम्ही मुंबईच्या विमानतळावरून सुटायचं ठरवलं होतं. धावपट्टी २७. हा आकडा म्हणजे होकायंत्रातले २७० अंश, शून्य गाळून. २७० म्हणजे पश्चिम, म्हणून सुटलं की थोड्याच वेळात समुद्र. पण इमारती काढल्यामुळे मुंबईत एक घर नाही, एक झोपडी नाही, नुसती मातकट जमीन आणि पलीकडे निळा पट्टा! अंधेरीला काकांकडे जाऊन आलेला एक मुलगा हिरमुसून म्हणाला, "बाई, ही कसली मुंबई?"

पण खरी गंमत पुढेच आहे. आपण ढग काढले, झाडं काढली, तशी विमानाची अक्कलही काढली का? मुळीच नाही. पंखांवरून किती वारा जातोय, वजन किती, नाक किती वर, इंजिनाचा जोर किती, हा हिशेब फ्लाइटगिअर सेकंदाला १२० वेळा करतो. चित्रं आठ, हिशेब १२०! दोन चित्रांच्या मधल्या फटीत पंधरा वेळा हिशेब होऊन गेलेला असतो. चित्र अडखळतं, विमान अडखळत नाही.

हे समजलं नाही, तर मात्र फजिती ठरलेली. वर्गात मोबाइल गेममध्ये सगळ्यांना हरवणारा एक मुलगा आहे. तो बसला आणि दर वेळी आपटला. त्यानं कळ दाबली की चित्र लगेच बदलत नसे. त्याला वाटे, ऐकलंच नाही, म्हणून तो आणखी दाबे. तोवर आधीची आज्ञा विमानानं केव्हाच पाळलेली. मग नाक भलतंच खाली, घाबरून उलटी कळ, मग भलतंच वर. शाळेत आलेल्या नव्या मुलानं सायकल शिकताना हँडल जसं करावं, तस्सं! शिवाय इथे वरचा बाण दाबला की नाक खाली जातं, खालचा दाबला की वर. खऱ्या विमानातही दांडा पुढे ढकलला की नाक खालीच जातं.

पाचवीतली एक मुलगी मागे उभी राहून हे सगळं बघत होती. फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं, की खडू हातात घेऊन इतका वेळ उभी राहते, की बाकीची मुलं हसतात. तिची पाळी आली. तिनं कळ एकदा टिचकीसारखी दाबली आणि थांबली. पुन्हा एक टिचकी, पुन्हा थांबली. तिचं लक्ष बाहेरच्या चित्राकडे नव्हतंच, वेगाच्या आणि उंचीच्या काट्यांकडे होतं. उतरताना छोट्या सेस्ना विमानाचा वेग साधारण ६५ नॉट ठेवायचा, म्हणजे ताशी सुमारे १२० किलोमीटर. सेकंदाला ३३ मीटर झाले. आठ चित्रांत वाटा, म्हणजे दर दोन चित्रांत विमान चार मीटर पुढे! तिनं ते चाकांवर उतरवलं. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

काट्यांकडे बघून उडणं ही काही आमच्या संगणकाची लाचारी नाही हं. १९२९ साली अमेरिकेत एडविन लिंक यानं वैमानिकांना शिकवण्यासाठी एक यंत्र बनवलं. त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गनचा कारखाना होता. ऑर्गनमध्ये असतात तसे भाते वापरून त्यानं एक छोटंसं लाकडी विमान डोलवलं. झाकण लावलं की आतल्याला बाहेरचं काहीच दिसत नसे. सेकंदाला शून्य चित्रं! १९३४ साली अमेरिकी सैन्याकडे विमानानं टपाल नेण्याचं काम आलं. खराब हवेत पुढचं दिसेना, तेव्हा अनेक वैमानिक जिवानिशी गेले. त्यानंतर सैन्यानं लिंकची सहा यंत्रं विकत घेतली.

आणि आमच्या संगणकाला म्हातारा म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक. ब्रूस आर्टविक याचं काम पुढे नेऊन मायक्रोसॉफ्टनं पहिला फ्लाइट सिम्युलेटर १९८२ साली आणला, तो ६४ केबी मेमरीत चालायचा. आमच्या दोन जीबीत तशा ६४ केबी किती वेळा मावतात? ३२,७६८ वेळा.

पालकहो, हे दोन शब्द तुमच्यासाठी. एक वडील शाळेत येऊन म्हणाले, "बाई, शाळेत गेम खेळवता?" प्रश्न रास्तच होता. मी त्यांना त्या मुलीची वही दाखवली. तिनं लिहिलं होतं : हजार फुटांवरून तीन अंशांच्या उतारानं यायचं तर धावपट्टी सुमारे तीन सागरी मैल दूर हवी. ६५ नॉटनं जवळजवळ तीन मिनिटं लागतील, म्हणून मिनिटाला साडेतीनशे फूट खाली यायचं. भागाकार, कोन, वेळ, अंतर, सगळं एका पानावर आणि कुणी गृहपाठ म्हणून न देता. ते बराच वेळ पान बघत राहिले. पुढच्या शनिवारी स्वतःच येऊन खुर्चीत बसले आणि विमान समुद्रात घातलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या!

तिसऱ्या संगणकाचं नाव मुख्याध्यापकांनी यादीतून तूर्त काढून घेतलंय. ती मुलगी आता आडव्या वाऱ्यात उतरायला शिकतेय. वारा डावीकडून आला, तर नाक थोडं वाऱ्याकडे ठेवून तिरकं यायचं आणि चाकं टेकण्याच्या बेताला सरळ करायचं. सेकंदाला आठ चित्रांत तो नेमका क्षण पकडणं भारी अवघड. दहांपैकी तीनदा ती धावपट्टीवर उतरते, उरलेल्या सातदा शेजारच्या गवतात. त्यातलं किती वेळा डाव्या बाजूच्या गवतात आणि किती वेळा उजव्या, हेही तिनं वहीत मांडून ठेवलंय.