हुकलेल्या ठोशाचा सराव

मुलांना बॉक्सिंगच्या वर्गात घालायला आलेले पालक आधी बॅगकडे बघतात. टांगलेल्या बॅगेवर धपाधप ठोसे पडताहेत, म्हणजे शिकवणं जोरात चाललंय, असं त्यांना वाटतं. आरशासमोर एकटाच हवेत हात चालवणारा मुलगा त्यांच्या नजरेत भरत नाही. मी प्रशिक्षक म्हणून आधी त्याच्याकडेच बघतो. कोण किती तयार झालाय, हे अशा हवेतल्या सरावात, म्हणजे शॅडो बॉक्सिंगमध्ये, सगळ्यात लवकर कळतं.

बॅग ठोसा अडवते. तोल पुढे गेलेला असला तरी सावरून घेते आणि त्या धक्क्यात बऱ्याच चुका झाकल्या जातात. हवेत तसा आधार नाही. तिथे ठोसा थांबवायचा आणि परत आणायचा तो आपल्याच स्नायूंनी. हात सुटला की खांद्याच्या मागचे स्नायू त्याला ब्रेक लावतात. ते तयार नसताना पूर्ण ताकदीने हवेत मारलं, तर खांदा दुखावतो. कोपर झटक्याने ताठ झालं, तर तेही. म्हणून नवशिक्यांना मी सावकाश मारायला लावतो. कोपरात किंचित बाक ठेवायचा आणि हात गेला त्याच वाटेने हनुवटीपाशी आणायचा.

लढतीत मारलेले बहुतेक ठोसे लागतच नाहीत. समोरचा डोकं बाजूला घेतो, खाली वाकतो, मागे सरतो. आपला ठोसा हुकला, की पुढच्या क्षणी आपण सगळ्यात उघडे असतो. शॅडोमध्ये तर प्रत्येक ठोसा हुकलेलाच असतो! त्या उघड्या क्षणातून सावरायचं कसं, याचा एवढा सराव दुसऱ्या कुठल्याही व्यायामात होत नाही. शॅडोला निव्वळ वॉर्म-अप समजणाऱ्यांशी माझं भांडण आहे ते यासाठीच.

सध्या माझ्याकडे एक शाळकरी मुलगी येते. तिचा उजवा क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, बघत राहावा असा आहे: मागची टाच वळते, कंबर फिरते, खांदा हनुवटी झाकतो. पण ठोसा गेला की डावा हात छातीपर्यंत उतरायचा आणि डोकं पुढच्या गुडघ्याच्याही पुढे जायचं. बॅगेवर हे लक्षात आलं नव्हतं. शॅडोत लगेच दिसलं. मी तिला सांगितलं, ‘क्रॉसवर थांबायचं नाही. दरवेळी डावा हुक मारूनच संपव.’ हुक, म्हणजे बाजूने वळून येणारा ठोसा, मारायचा, तर डावा हात वरच हवा आणि वजन डाव्या पायावरून उजव्यावर परत यायला हवं. आता तिचा गार्ड जागेवर राहतो.

आमचे राउंड लढतीसारखेच, 3 मिनिटांचे. मध्ये 1 मिनिट विश्रांती. पहिला राउंड फक्त पायांचा आणि जॅबचा, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाचा. दुसऱ्यात एकच काम, समजा, स्लिप करून, म्हणजे डोकं बाजूला घेऊन, उलट ठोसा. तिसऱ्यात मात्र समोर माणूस हवा: उंच, बुटका किंवा डावखुरा. 2018च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत 49 किलो गटात सुवर्ण जिंकणारा अमित पंघाल डावखुराच. असा बॉक्सर प्रत्येक क्लबात सरावाला मिळत नाही. शॅडोत तो कधीही उभा करता येतो. त्याच्या उजव्या पायाच्या बाहेर आपला डावा पाय टाकायचा. मग आपल्या उजव्या हाताला सरळ वाट मिळते आणि त्याच्या डाव्या हाताच्या टप्प्यातून आपण बाजूला होतो.

मुठीत डंबेल घेऊन शॅडो करू नका, एवढं मुलांना आवर्जून सांगतो. ठोसा पुढे जायचा असतो, वजन हाताला खाली ओढतं. खांदा दमतो आणि ठोशाची वाट बिघडते.

आपल्याकडे रिंग असलेली गावं थोडी आहेत. रिंग होईल तेव्हा होईल. शिकू पाहणाऱ्या मुलामुलींनी तोवर थांबू नये. जाणकाराकडून उभं राहणं आणि चार मूळ ठोसे नीट शिकून घ्या. मग अंगण पुरे, गच्ची पुरे. घड्याळ लावा आणि दर ठोशानंतर हात कुठे परत आला ते बघा. हनुवटीपाशी आला नसेल, तर वेग कमी करा आणि तोच ठोसा पुन्हा मारा.