बादलच्या पाठीवर

विद्यार्थी मित्रांनो, आधी एक कबुली देतो. मी शिक्षक आहे. वर्गात उंटाचा विषय निघाला, की मी मोठ्या विश्वासाने सांगत असे, "उंट आपल्या वशिंडात पाणी साठवतो. म्हणून तो वाळवंटात पाण्यावाचून अनेक दिवस राहू शकतो." तुम्हीही हे कुठेतरी ऐकले असेल. माझी ही चूक एका उंटवाल्याने दुरुस्त केली. त्या प्रवासात माझ्या हातून आणखी एक चूक झाली. ती पहिलीपेक्षा मोठी होती. त्या दोन्ही चुकांची ही हकिकत आहे.

एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चार शिक्षक राजस्थानला गेलो. जोधपूरहून रात्रीची गाडी धरली आणि सकाळी जैसलमेरला उतरलो. थोडे पुढे जाताच टेकडीवरचा किल्ला दिसला. पिवळ्या वालुकाश्माच्या त्या भिंती कोवळ्या उन्हात सोन्यासारख्या चमकत होत्या. रावल जैसल याने ११५६ मध्ये हे शहर वसवले. किल्ल्यात आजही माणसे राहतात. तेथे घरे आहेत, दुकाने आहेत, गल्लीत खेळणारी मुले आहेत. २०१३ मध्ये राजस्थानातील इतर पाच किल्ल्यांबरोबर हा किल्लाही जागतिक वारशाच्या यादीत आला.

आमच्याबरोबर तेथलाच एक तरुण वाटाड्या होता. तो आम्हांला गडीसर तलावावर घेऊन गेला. आज तेथे प्रवासी नावेतून फिरतात. पण शेकडो वर्षे या शहराची तहान याच तलावाने भागवली. वाटाड्या म्हणाला, "आमच्याकडे वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडतो. तुमच्याकडे किती पडतो?"

मी मनातल्या मनात हिशेब केला. आमच्या लातूर भागात सरासरी ७०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे जैसलमेरच्या तिपटीहूनही जास्त! तरी २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. स्टेशनावर पाण्याची गाडी पाहायला झालेली गर्दी मला आठवली. मी वाटाड्याला पावसाचा आकडा सांगितला. रेल्वेची गोष्ट मात्र सांगितली नाही.

वाळूच्या टेकड्या पाहण्यासाठी बहुतेक प्रवासी सम या गावी जातात. ते जैसलमेरच्या पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर आहे. तेथे तंबूंची आणि जीपगाड्यांची गर्दी असते. आम्हांला शांतता हवी होती, म्हणून वाटाड्याने आम्हांला खुहडी या गावी नेले. तेथून उंटांवर बसून दोन दिवसांचा प्रवास करायचा होता. निघताना त्याने प्रत्येकाला दोन-दोन लिटरच्या चार बाटल्या दिल्या आणि बजावले, "हे पाणी दोन दिवसांचे आहे. स्वयंपाकाचे पाणी वेगळे आहे. त्याला हात लावायचा नाही."

उंटवाले वयस्क होते. डोक्यावर मोठा फेटा, पांढरी दाढी आणि उन्हाने रापलेला चेहरा. आम्ही त्यांना चाचा म्हणू लागलो. ते आम्हांला 'माट्साब' म्हणत. तिकडे मास्तरसाहेबांना असेच म्हणतात. माझ्या वाट्याला आलेल्या उंटाचे नाव होते बादल. जेथे ढग क्वचित दिसतो, तेथे उंटाचे नाव ढग! मला हसू आले.

पण ते हसू फार काळ टिकले नाही. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो. मी एकदम पुढे झुकलो आणि खोगीर घट्ट धरले. लगेच त्याने पुढचे पाय सरळ केले आणि मी मागे फेकला गेलो. चाचा म्हणाले, "माट्साब, उंटाशी भांडू नका. तो हलेल तसे हला." उंट चालताना एका बाजूचे दोन्ही पाय एकदम उचलतो. त्यामुळे बसणारा माणूस नावेत बसल्यासारखा डुलतो. अर्ध्या तासाने मलाही डुलणे जमू लागले.

चालता चालता मी माझे ज्ञान दाखवले. "चाचा, बादलच्या वशिंडात आता पाणी भरलेले असेल, नाही का?"

चाचा मोठ्याने हसले. "पाणी? अहो, त्यात चरबी असते! चारा मिळाला नाही, की ती कामाला येते. उपाशी उंटाचे वशिंड लोंबू लागते."

"मग तो पाणी साठवतो तरी कुठे?"

"साठवतो कुठे? तो खर्चच कमी करतो."

चाचा शाळेत गेले नव्हते. पण त्यांचे उत्तर अगदी अचूक होते. नंतर मी पुस्तके वाचून खात्री करून घेतली. उन्हात आपले शरीर थोडे तापले, की आपल्याला घाम सुटतो. उंटाला तसे होत नाही. पहाटे त्याच्या शरीराचे तापमान सुमारे ३४ अंश असते. दुपारी ते ४० अंशांपर्यंत चढले, तरी तो सहन करतो आणि घामावाटे जाणारे पाणी वाचवतो. बाहेर पडणाऱ्या श्वासातील ओलावाही त्याचे नाक पुष्कळसा परत शोषून घेते. त्याची लघवी दाट असते आणि शेण कोरडे असते. शरीरातील पाणी कमी होऊन त्याचे वजन चौथ्या हिश्श्याने घटले, तरी तो चालत राहतो. आणि पाणी मिळाले, की दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटर पिऊन टाकतो.

चाचांनी आपल्या तरुणपणाच्या गोष्टी सांगितल्या. तेव्हा त्यांच्या घरी बरेच उंट होते. धान्य, पाणी, वरात, सारे काही उंटावरून जाई. पुढे रस्ते झाले, ट्रॅक्टर आले. पंजाबातून निघणाऱ्या इंदिरा गांधी कालव्याचे काम १९५८ मध्ये सुरू झाले होते. त्याचे पाणी १९८० नंतरच्या दशकात जैसलमेर जिल्ह्यात पोहोचले. लोकांची सोय झाली, पण उंटाचे काम गेले. २०१४ मध्ये राजस्थानने उंटाला राज्यप्राणी केले. तरी २०१९ च्या पशुगणनेत साऱ्या देशात उंट उरले होते सुमारे अडीच लाख. चाचांकडे आता दोनच होते. बाकीचे आमच्याबरोबरचे उंट शेजाऱ्यांचे होते. "माझी मुले जीप चालवतात," चाचा म्हणाले. "त्यांची तक्रार नाही. पण जीप रस्ता ओळखत नाही, माट्साब. रात्री मी झोपलो, तरी बादल मला घरी आणतो."

संध्याकाळी आम्ही एका टेकडीच्या पायथ्याशी उतरलो. आता माझी दुसरी चूक सांगतो.

दिवसभर उन्हात मी सारखा पाणी पीत होतो. दोनदा तोंड धुतले होते. वाळूने भरलेले पायही धुतले होते. मगरिबची वेळ झाली तेव्हा मी तिसरी बाटली उघडली आणि घरच्यासारखा वुजू केला. पाणी हातांवरून, कोपरांवरून, पायांवरून वाहून वाळूत गेले. वाळूने ते क्षणात पिऊन टाकले. बाटली जवळजवळ रिकामी झाली.

चाचांनी एक छोटा लोटा घेतला. ते एका लहानशा खेजडीच्या रोपाजवळ जाऊन बसले. खेजडी म्हणजे आपल्याकडची शमी. त्यांनी ओंजळीत थोडे थोडे पाणी घेऊन सावकाश वुजू केला. हातापायांवरून ओघळलेला प्रत्येक थेंब त्या रोपाच्या मुळाशी पडत होता. वुजू झाला तेव्हा लोट्यात पाणी शिल्लक होते. चाचा मला काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

रात्री बाजरीची रोटी आणि केर-सांगरीची भाजी खाल्ली. केर ही रानातली लहान फळे आणि सांगरी या खेजडीच्या शेंगा. जेवण झाल्यावर चाचांनी भांडी कोरड्या वाळूने घासली आणि फडक्याने पुसली. भांडी लख्ख झाली. पाण्याचा एक थेंबही लागला नाही. वर आकाशात इतके तारे होते, की आम्ही चौघे बराच वेळ गप्पच राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी चौथी बाटलीही संपली. आमच्या गणिताच्या सरांनी ते पाहिले आणि आपली एक बाटली माझ्या हातात ठेवली. "घ्या. मला फारशी तहान लागत नाही," ते म्हणाले. मी घेतली. दुपारपर्यंत तीही संपवली.

दुपारी ऊन तापले. गणिताचे सर उंटावर डुलत होते. अचानक ते एका बाजूला कलले. चाचांनी धावत जाऊन त्यांना सावरले आणि खेजडीच्या सावलीत निजवले. त्यांचे ओठ सुकले होते आणि त्यांना चक्कर येत होती. त्यांच्या स्वतःच्या बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या. त्यांच्या वाटणीचे पाणी माझ्या पोटात होते.

मित्रांनो, त्या क्षणी मला जी शरम वाटली, ती मी आजही विसरलेलो नाही.

चाचांनी आपली कापडी छागल सोडली. एक फडके भिजवून सरांच्या कपाळावर ठेवले. पेल्यात पाणी घेऊन त्यात चिमूटभर मीठ आणि थोडी साखर घातली आणि ते घोट घोट पाजले. वाटाड्याने फोन लावून पाहिला, पण तेथे तो लागत नव्हता. "जवळच एक बेरी आहे," चाचा म्हणाले. सरांना थोडी हुशारी आल्यावर आम्ही त्यांना मध्ये घेऊन सावकाश निघालो.

बेरी म्हणजे अरुंद तोंडाची खोल विहीर. वाळूखाली काही ठिकाणी जिप्समचा किंवा चिकट मातीचा थर असतो. पावसाचे पाणी वाळूत मुरते. पण हा थर त्याला आणखी खाली जाऊ देत नाही. ती ओल वाळूतच राहते. बेरी खणली, की त्या ओलीतून थेंब थेंब पाणी झिरपते. तोंड अरुंद ठेवतात, म्हणजे उन्हाने पाण्याची वाफ कमी होते.

तेथे एक बाई आणि तिची लहान मुलगी पाणी काढत होत्या. चाचांनी त्यांना आमची अडचण सांगितली. बाईने आपला भरलेला घडा पुढे केला. सर प्याले. मग आम्हीही प्यालो. मी खिशातून पैसे काढले, तशी ती बाई मागे सरली. चाचा हळूच म्हणाले, "पैसे ठेवा. येथे पाणी विकत नाहीत."

मी विचारले, "या बेरीत दिवसाला किती पाणी येते?"

"दोन-तीन घडे," चाचा म्हणाले.

आम्ही त्यातला एक घडा पिऊन टाकला होता. ती मुलगी दोर ओढत पुन्हा बेरीत वाकून पाहत होती. बादल मात्र शांतपणे रवंथ करत उभा होता. त्याने पाण्याकडे पाहिलेही नाही.

संध्याकाळी खुहडीला पोहोचलो. गणिताचे सर आता बरे होते. मी त्यांची माफी मागितली, तेव्हा ते म्हणाले, "आपला हिशेब चुकला, एवढेच." गणिताचे शिक्षक होते ते! चाचांचा निरोप घेताना मी त्यांना सांगितले, की इतकी वर्षे मी मुलांना उंटाबद्दल चुकीचे शिकवत होतो. ते माझा हात हातात घेऊन म्हणाले, "मग आता बरोबर सांगा, माट्साब. त्यात काय एवढे?"

सुट्टी संपल्यावर पहिल्याच तासाला मी वर्गात सांगितले, "मुलांनो, वशिंडात पाणी नसते. मी चुकीचे सांगितले होते." वर्गात थोडी कुजबुज झाली. शिक्षक आपली चूक कबूल करतात, हे मुलांना नवीन असावे.

वुजू करताना पाणी वाया घालवू नये, मग आपण वाहत्या नदीच्या काठी का असेना, ही शिकवण तुम्ही आणि मी लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मीही ती मुलांना सांगत असे. पण पाणी मोजून कधी पाहिले नव्हते. घरी आल्यावर मी नळाखाली बादली ठेवली आणि नेहमीसारखा वुजू केला. मग बादलीतले पाणी मोजले. ते सहा लिटर भरले! दुसऱ्या दिवशी लोटा घेतला. एक लिटरही लागले नाही. उरलेले पाणी दारातल्या कडुलिंबाच्या रोपाला घातले.

लातूरला रेल्वेने पाणी का आणावे लागले, याची कारणे अनेक आहेत. ती सारी माझ्या नळापाशी सुरू होत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या नळापुरता हिशेब तर मी ठेवू शकतो. तुम्हीही आज घरी एक बादली नळाखाली ठेवा. हातपाय धुताना, वुजू करताना आपले किती पाणी जाते, ते एकदा मोजा आणि तो आकडा वहीत लिहा. मग लोटा घेऊन पुन्हा मोजा. दोन आकड्यांची वजाबाकी तुमची तुम्हीच करा.