युरोपातला पाहुणा आणि युरोपातला अस्पृश्य

युरोप फिरून आलो म्हटले की वस्तीतली पोरे पहिला प्रश्न विचारतात, "दादा, किती पैसे लागले?" दुसरा विचारतात, "आणि राहिलात कुठे?" पहिल्याचे उत्तर दोन मिनिटांत देता येते. दुसऱ्यासाठी हा लेख लिहावा लागतो आहे.

आम्ही दोघे मित्र. नागपूरच्या एकाच वस्तीत वाढलो, एकाच विहाराच्या अभ्यासिकेत बसून परीक्षा दिल्या, आज एकाच संस्थेत तुटपुंज्या मानधनावर काम करतो. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये जर्मनीतल्या कोलोन शहरात जात आणि वंशभेद या विषयावर एक कार्यशाळा होती. विमानाचे तिकीट आणि चार दिवसांची सोय आयोजकांनी केली. पुन्हा अशी संधी कधी येणार? म्हणून परतीची तारीख अठरा दिवस पुढे मागून घेतली. खिशात दिवसाला माणशी वीस युरो, म्हणजे तेव्हाचे अठराशे रुपये. तिकडे स्वस्तातल्या हॉस्टेलात आठ जणांच्या खोलीतली एक खाटसुद्धा बऱ्याचदा त्यापेक्षा महाग पडते. तेव्हा प्रवास रात्रीच्या बसने, जेवण म्हणजे दुकानातला पाव, चीज आणि केळी, पाणी नळाचे (तिथे ते पिता येते) आणि मुक्काम लोकांच्या घरी, असे ठरले.

त्याआधी व्हिसा. शेंगेन व्हिसाची फी तेव्हा ८० युरो होती, २०२४ पासून ९० झाली. किमान ३० हजार युरोंचा प्रवास विमा लागतो, बँकेचे स्टेटमेंट लागते, कुठे राहणार याचे कागद लागतात, आणि तुम्ही परत याल याचा पुरावा लागतो. हा पुरावा म्हणजे काय? कायम नोकरी, घर, जमीन. ज्यांच्या आज्याच्या नावाने कधी सातबारा निघाला नाही, त्यांनी मायदेशाशी असलेले नाते कोणत्या कागदाने सिद्ध करायचे? आम्ही संस्थेचे पत्र, आयोजकांचे निमंत्रण आणि सुरुवातीच्या मुक्कामांची बुकिंगे जोडली. पंधरा दिवस रोज ईमेल उघडून बघत होतो. बाबासाहेबांच्या आठवणींची छोटी पुस्तिका 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने प्रसिद्ध आहे. त्या दिवसांत ती पुन्हा वाचली.

त्यातला बडोद्याचा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. १९१७ साली बाबासाहेब न्यूयॉर्क आणि लंडन करून नोकरीसाठी बडोद्याला आले. स्वतःच लिहितात की परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. बडोद्याच्या स्टेशनवर उतरल्यावर पहिला प्रश्न पडला, राहायचे कुठे? पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दारात आली. दोन मित्र होते, एक हिंदू, एक ख्रिश्चन. दोघांकडेही त्या रात्रीपुरते छप्पर मिळाले नाही. शेवटी कमाटी बागेत बसून मुंबईच्या गाडीची वाट पाहिली.

आमचे बडोदे पुण्यात होते. समाजशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश मिळाला तेव्हा खोली फोनवर ठरली होती. अ‍ॅडव्हान्स घेऊन गेलो तर घरमालकांनी आडनाव विचारले, मग म्हणाले, "आम्ही शाकाहारीच ठेवतो." आम्ही म्हटले, खोलीत शाकाहारीच करू. तर म्हणाले, "तसं नाही हो, घरात देव आहेत." त्या वर्षी आम्ही अशी सात घरे पाहिली.

लोकांच्या घरी फुकट राहण्यासाठी काउचसर्फिंग नावाचे संकेतस्थळ आहे. २००४ पासून चालते. २०२० पासून सभासदाची थोडी वर्गणी लागते, पण यजमानाला पैसे द्यायचे नसतात. तुम्ही स्वतःबद्दल लिहायचे, यजमानाला विनंती पाठवायची, मुक्काम झाला की दोघांनी एकमेकांबद्दल अभिप्राय लिहायचा. आम्ही लिहिले की आम्ही बौद्ध आहोत, आंबेडकरी चळवळीत काम करतो, जातीबद्दल बोलायला आवडेल. ४३ विनंत्या पाठवल्या, पाच होकार आले. दोन अनोळखी सावळे पुरुष म्हटल्यावर तेवढेच येणार. तरुणांनी आणि विशेषतः बहिणींनी जायचे ठरवले तर जुने अभिप्राय नीट वाचल्याशिवाय कोणाकडे जाऊ नये, आणि एका हॉस्टेलाचे पैसे वेगळे बांधून ठेवावेत.

कोलोनचे पहिले घर एका निवृत्त शिक्षिकेचे होते. तिने दारातच बूट काढायला सांगितले, कचऱ्याच्या चार डब्यांत काय कुठे टाकायचे ते समजावले आणि दहाव्या मिनिटाला घराची किल्ली हातात ठेवून पोहायला निघून गेली. आम्ही दोघे त्या किल्लीकडे बघत बसलो. दुसऱ्या दिवशी तिच्याच सांगण्यावरून बॉनला गेलो. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला बाबासाहेबांनी तिथल्या विद्यापीठात नाव नोंदवले होते. पिवळी लांबलचक इमारत, समोर हिरवळ. तिथेच पाव खाल्ला. त्या दिवशी आम्हाला युरोप म्हणजे समतेचे माहेरघर वाटत होते, हे कबूल करतो.

बर्लिनमध्ये मात्र आपलाच माणूस भेटला. ओळखीच्या ओळखीतून एका मराठी विद्यार्थ्याने राहायला बोलावले होते. पोहे केले, गप्पा झाल्या. मग, "दादा, आडनाव काय म्हणालात?" सांगितले. "मूळ गाव कुठलं?" तेही सांगितले. "अच्छा, अच्छा." सकाळी म्हणाला की रूममेट एक दिवस आधीच येतोय, सॉरी. कदाचित खरेच आला असेल. जात अशी चिवट आहे की समोरच्याचे खरे निमित्तसुद्धा आपल्याला निमित्त वाटते, आणि आपला संशय चुकीचा होता की बरोबर हे कधीच कळत नाही. त्या संध्याकाळी बस स्थानकावर बसून बारा जणांना मेसेज केले. रात्री अकरा वाजता एका नर्सने उत्तर दिले, "माझी रात्रपाळी आहे, घर रिकामे आहे, किल्ली शेजारणीकडे." तिने आम्हाला पाहिलेही नव्हते.

तिथेच, संसद भवनाजवळच्या बागेत, एक काळ्या पाण्याचा गोल हौद आहे. नाझींनी मारलेल्या सिंती आणि रोमा लोकांचे हे स्मारक २०१२ साली उघडले. पाण्याच्या मध्यावर त्रिकोणी दगड आणि त्यावर रोज एक ताजे फूल. आम्ही जवळजवळ तासभर होतो. रोमा म्हणजे ज्यांना युरोपात तुच्छतेने 'जिप्सी' म्हणतात ते लोक. यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले. त्यांच्या रोमानी भाषेत आजही पाण्याला पानी, कानाला कान आणि केसाला बाल म्हणतात. युद्ध संपल्यावर अशा स्मारकाला सदुसष्ट वर्षे का लागली, हे विचारायला हवे. चेक देशात लेटी इथे रोमांची छळछावणी होती. त्या जागेवर १९७० च्या दशकात सरकारने डुकरांचे मोठे फार्म उभारले. ते पाडायला २०२२ उजाडले. म्हणजे मेल्यावरही जागा नाही. गावकुसाबाहेरच्या स्मशानाचे भांडण ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

प्राग धावत पाहिले, पाऊसच पाऊस. तिथून बुडापेस्ट.

बुडापेस्टचा यजमान आमच्याच वयाचा, संगणक क्षेत्रातला, अतिशय लाघवी माणूस. स्वतःची खोली आम्हाला देऊन स्वयंपाकघरात झोपला. भारताबद्दल त्याला भारी प्रेम. योग, ध्यान, पाच हजार वर्षांची संस्कृती. भिंतीवर गणपतीचे पोस्टर. दुसऱ्या रात्री जेवताना आम्ही सांगितले की उद्या ईशान्येकडे शायोकाझा गावाला चाललो आहोत, तिथे रोमा समाजात बाबासाहेबांच्या नावाने काम चालते. त्याचा चेहरा उतरला. "तिथे कशाला? सामान सांभाळा. ते काम करत नाहीत, चोऱ्या करतात, मुलांना शाळेत पाठवत नाहीत. तुम्ही भारतीय वेगळे, तुम्हाला संस्कृती आहे."

मित्रांनो, यातला शब्दन् शब्द आम्हाला पाठ होता. फक्त तो आजवर आमच्याबद्दल ऐकला होता, आज दुसऱ्याबद्दल ऐकत होतो, तोही त्याच्या ताटात जेवताना. भारतातून हजार वर्षांपूर्वी आलेला माणूस त्याला अस्पृश्य, आणि मागच्या आठवड्यात आलेला भारतीय पाहुणा. का? कारण त्याच्या डोक्यातला भारत भिंतीवरच्या पोस्टरमधला होता. ज्या ब्राह्मणी प्रतिमेने आमच्या बापजाद्यांना गावाबाहेर ठेवले, तिच्याच पुण्याईवर आम्ही त्याच्या खोलीत झोपलो होतो. प्रोफाइलवर 'आंबेडकरी' लिहिले होते, पण त्याने ते वाचले नव्हते, आणि आम्हीही तेव्हा सांगितले नाही. गप्प बसलो. रात्रीचे दहा वाजले होते आणि दुसरे घर नव्हते. व्याख्यानांत आम्ही तरुणांना काय सांगतो आणि तिथे काय केले, हे आमचे आम्हाला माहीत आहे.

याहून वाईट पुढे आहे. केलेती स्थानकातून मिश्कोल्ट्सपर्यंत रेल्वेने गेलो आणि तिथून पुढे निघालो. वाटेत पाच-सहा रोमा पोरे चढली, मोठमोठ्याने हसत, एकमेकांना ढकलत. आमच्या वस्तीतली पोरे शहर बसमध्ये चढतात तशीच. आणि आमच्या दोघांचाही हात एकाच वेळी बॅगेवर गेला. एकमेकांकडे पाहिले, मग खिडकीबाहेर. एका माणसाचे जेवणावेळचे एक वाक्य आमच्या हातापर्यंत पोहोचायला एक रात्र पुरली होती.

शायोकाझाची हकिगत अनेकांनी ऐकली असेल. तिबोर देर्दाक आणि यानोश ओर्शोश या दोघांना बाबासाहेबांचे विचार पुस्तकातून भेटले, त्यांनी महाराष्ट्र पाहिला, धम्म स्वीकारला, आणि २००७ मध्ये जय भीम नेटवर्कतर्फे डॉ. आंबेडकर शाळा सुरू केली. जी मुले शाळेतून बाहेर फेकली गेली, त्यांनी बारावीच्या तोडीची परीक्षा पास व्हावी यासाठी ही शाळा. ती फेकली का जातात? हंगेरीत धडधाकट रोमा मुलांना मतिमंदांच्या शाळेत टाकले जात होते. दोन तरुण त्याविरुद्ध युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेले आणि २०१३ मध्ये जिंकले. म्हणजे 'ते मुलांना शाळेत पाठवत नाहीत' या वाक्यामागे हा निकाल उभा आहे. त्याच वर्षी ऑगस्टच्या कडक उन्हाळ्यात, तिथून जवळच्या ओझ्द शहरात, पालिकेने रस्त्यावरचे काही सार्वजनिक नळ बंद केले आणि काहींचा दाब कमी केला. घरात नळ नसलेले, म्हणजे मुख्यतः रोमा, त्यावरच पाणी भरत होते. पालिकेचे म्हणणे, पाणी वाया जाते. चवदार तळ्याला ८६ वर्षे झाली होती तेव्हा.

आम्ही एका रोमा कुटुंबात राहिलो. दोन खोल्या, सात माणसे, लाकडाची शेगडी. पाणी रस्त्यावरच्या सरकारी पंपावरून आणायचे. हे पंप निळ्या रंगाचे असतात, ते बघून आमचा मित्र उगाच खूश झाला. जेवायला बटाट्याचा लालभडक रस्सा आणि तव्यावर भाजलेली जाड रोटी. आम्ही रोटी मोडून रश्शात कुस्करली तर घरातली आजी टाळ्या वाजवून हसली, कारण तीही तशीच खाते. झोपताना त्यांनी आम्हाला घरातला एकमेव मोठा पलंग दिला आणि सगळे खाली झोपले. आम्ही नको नको म्हणून हात जोडले, पण ऐकले नाही. आजीने शाळेतल्या नातीकरवी विचारले, "आम्ही तुमच्या देशात आलो तर आम्हाला कोण ठेवून घेईल?" आम्ही म्हटले, आमची वस्ती. "आणि बाकीचे?" आम्ही पुण्यातली सात घरे सांगितली. नातीला भाषांतर करायला वेळ लागला. आजीला लागला नाही. ती मान हलवत राहिली, मग शेगडीत एक लाकूड सरकवले.

परतीची बस बुडापेस्टहूनच होती. एक रात्र पुन्हा त्याच यजमानाकडे. दार उघडताच म्हणाला, "बॅग शाबूत आहे ना?" या वेळी बसलो. बाबासाहेब कोण, आम्ही कोण, भिंतीवरचा त्याचा भारत आम्हाला कसा दिसतो, ओझ्दचे नळ, बसमधला आमचा स्वतःचा हात, सगळे सांगितले. रात्रीचे दोन वाजले. तो चिडला, मध्येच उठून बाल्कनीत सिगारेट ओढून आला, पुन्हा बसला. म्हणाला, त्याच्या वर्गात एक रोमा मुलगी होती, आठवीनंतर दिसली नाही, कुठे गेली ते कोणी विचारले नाही. शायोकाझा दोन-तीन तासांवर आहे, पण तो कधी गेलेला नाही. सकाळी त्याने डबा भरून दिला.

महिन्याभराने संकेतस्थळावर त्याचा अभिप्राय आला. स्वच्छ पाहुणे, चांगला स्वयंपाक करतात, फार वाद घालतात.