दखनी : भाषेकडून बोलीकडे

औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, जुन्या मोहल्ल्यांत आई मुलाला ‘नक्को’ म्हणते. शाळेतील उर्दूला मात्र तेथे ‘मत’ किंवा ‘नहीं’ अपेक्षित असते. घरात मायेचा असलेला शब्द वर्गात दोष ठरतो आणि आपली आई ‘अशुद्ध’ बोलते हे मूल नकळत शिकते. दखनीच्या विवेचनाला या लज्जेचा विचार टाळता येत नाही. कारण आज जिची लाज वाटते ती बोली एके काळी दरबाराची आणि ग्रंथांची भाषा होती.

१३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीहून दौलताबादला राजधानी हलविली. तिच्याबरोबर आलेल्या सैनिकांची, कारकुनांची व सूफींची बोली १३४७ मध्ये बहमनी सत्ता स्थापन झाल्यावर उत्तरेपासून तुटली आणि मराठी, कानडी, तेलुगूच्या शेजारात वाढली. पंधराव्या शतकात निजामीचे ‘कदमराव पदमराव’, १६३५ मध्ये वजहीचे ‘सबरस’ अशी तिची ग्रंथपरंपरा आहे. ‘नको’ आणि ‘अभीच’, ‘ऐसाच’ यांतील निश्चयार्थक ‘च’ हे तिने मराठीकडून घेतले. देवाणघेवाण अर्थातच एकमार्गी नव्हती. पैठणच्या एकनाथांच्या ‘हिंदू-तुर्क संवादा’तील तुर्क याच वळणाची हिंदुस्तानी बोलतो; तर अठराव्या शतकात शाह तुराब रामदासांच्या मनाच्या श्लोकांच्या धर्तीवर ‘मनसमझावन’ लिहितो.

विजापूर १६८६ मध्ये आणि गोवळकोंडा १६८७ मध्ये मोगलांकडे गेले. दखनीचे राजाश्रय संपले आणि औरंगाबादेत उत्तरेचे अभिजन स्थिरावले. याच शहराशी नाव जोडले गेलेला वली १७०० च्या सुमारास दिल्लीला गेला. तेथे एका सूफीने त्याला फारसी काव्यविषय स्वीकारण्याचा सल्ला दिला, ही कथा उर्दू वाङ्मयेतिहासात रूढ आहे. शमसुर रहमान फारुकी यांनी तिच्या खरेपणाविषयी शंका घेतली. कथा खरी नसली तरी तिचे कार्य स्पष्ट आहे : दक्षिणेच्या कवीला दिल्लीच्या शिफारशीने प्रतिष्ठा द्यावयाची. पुढे अभिरुचीचे केंद्र उत्तरेकडे सरकले आणि दखनी प्रामुख्याने मुखात उरली.

फेरो बेटांवरील फेरोई भाषेचा प्रवास नेमका उलटा आहे. धर्मसुधारणेनंतर तेथे चर्च, न्यायालय व शाळा डॅनिशकडे गेल्या. फेरोई घरात आणि फेर धरून गायिल्या जाणाऱ्या कथागीतांत जगली. १८४६ मध्ये हामर्सहाइम्ब यांनी तिला लेखनपद्धती दिली आणि १९४८ च्या स्वशासन कायद्याने ती बेटांची मुख्य भाषा झाली. बेटांची लोकसंख्या आजही साठ हजारांहून कमी आहे. तात्पर्य, ‘भाषा’ आणि ‘बोली’ हा भेद बोलणाऱ्यांच्या संख्येतून किंवा वाङ्मयाच्या वयातून निघत नाही. तो संस्था ठरवितात.

उर्दूचा इतिहास दखनीला आपले बालपण मानतो, हिंदीचा इतिहास आपली एक शाखा. श्रीधर रंगनाथ कुळकर्णी यांनी तिला मऱ्हाटी संस्कृतीचा आविष्कार म्हटले असले, तरी मराठी समीक्षेने तिला बहुधा परकीच मानले. वास्तविक ‘मनसमझावन’ वाचण्यासाठी रामदासही लागतात आणि सूफी परिभाषाही. विद्यापीठातील मराठी, हिंदी आणि उर्दू विभागांपैकी कोणालाही ते एकट्याने वाचता येणार नाही. ही अडचण दखनीच्या अशुद्धतेची नसून आपल्या विभागणीची आहे.