शितावरून भात

मुळशीचं धरण मागे पडलं की ताम्हिणीच्या रस्त्याला पाऊस वळणागणिक बदलतो. एका वळणावर झिमझिम, पुढच्या वळणावर सर, आणि त्याच्याही पुढे ढगच रस्त्यावर उतरलेला. गेल्या जुलैत आईला घेऊन माणगावला निघाले होते. काचेवर थेंब जमले, वायपर एकदा फिरला आणि थांबला. सर आली तसा भराभर फिरू लागला. सर सरली तसा पुन्हा मंदावला. आई बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, "अगं, तू तर हात लावला नाहीस. मग हे फिरवतंय कोण?"

आईने ‘कोण’ म्हणून विचारलं, ते मला पटलं. तीन पावसाळे तो माझ्याबरोबर हा घाट उतरतोय. त्याची ओळख करून द्यायलाच हवी होती.

तो पावसाचा सेन्सर, राहतो आरशाच्या मागे. काडेपेटीएवढी काळी डबी, पुढच्या काचेला आतून चिकटलेली. गाडीसमोर उभं राहून पाहिलं तर काचेच्या वरच्या काळ्या नक्षीत एक इवलीशी उघडी जागा दिसते. तेवढीच त्याची खिडकी आणि तेवढाच त्याचा मुलूख. बाकीच्या काचेवर काय चाललंय, याची त्याला वार्ता नसते.

त्याच्यापाशी एक बारीक दिवा असतो. त्याचा उजेड अवरक्त, म्हणजे आपल्या डोळ्यांना न दिसणारा, त्यामुळे चालवणाऱ्याला त्याचा त्रास नाही. हा उजेड तो काचेत तिरका सोडतो, साधारण ४५ अंशांनी. लहानपणी विहिरीत पोहायला शिकलेल्यांना पुढची गोष्ट चटकन कळेल. बुडी मारून थेट वर पाहिलं तर आभाळ दिसतं, पण तिरकं पाहिलं तर पाण्याचा पृष्ठभाग चांदीच्या पत्र्यासारखा चमकतो आणि बाहेरचं काहीच दिसत नाही. काचेतही तसंच होतं. बाहेर कोरडी हवा असेल, तर सुमारे ४२ अंशांपेक्षा तिरका गेलेला उजेड काचेबाहेर पडूच शकत नाही. बाहेरच्या पृष्ठभागावर आपटून तो सगळाच्या सगळा आत परततो आणि डबीतल्या दुसऱ्या कोपऱ्यात बसलेला प्रकाशग्राही तो मोजून घेतो. जेवढा दिला, जवळजवळ तेवढा आला. हिशेब जुळला, वायपर गप्प.

मग पहिला थेंब पडतो. काच आणि हवा यांच्यात जेवढा भेद आहे, तेवढा काच आणि पाणी यांच्यात नाही. थेंब चिकटला त्या ठिकाणी ही हद्द ४२ वरून ६० अंशांच्या पुढे सरकते. आता ४५ अंशांनी आलेल्या उजेडाला वाट मोकळी मिळते. तो थेंबात शिरतो आणि बाहेर निघून जातो. प्रकाशग्राहीकडे परत येतो तो थोडा कमी. दहा थेंब पडले तर आणखी कमी.

म्हणजे त्याने पाऊस कधी पाहिलेलाच नाही. आपल्या उजेडातला किती परतला नाही, एवढंच त्याला कळतं, आणि त्या तुटीवरून तो बाहेरच्या आभाळाची परीक्षा करतो.

हे आईला सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "म्हणजे शितावरून भात." आणि क्षणभर थांबून, "पण मग शीत मधलं हवं. कडेचं कच्चं असतं."

तिने अगदी नेमकं बोट ठेवलं होतं. त्याची जागा वाटेल तिथे नसते. वायपरचं पातं जिथून फिरतं त्याच पट्ट्यात ती असावी लागते. पातं फिरलं की त्याची खिडकी स्वच्छ होते, उजेडाचा हिशेब पुन्हा जुळतो आणि तो नव्याने मोजायला लागतो. पुसलेली जागा परत किती लवकर भिजली, यावरून तो ठरवतो: एकदाच फिरवायचं, थांबून थांबून फिरवायचं की सलग. नुसता ओलावा त्याला पुरत नाही, ओलाव्याचा वेगही तो पाहतो. घाटात पुढच्या ट्रकच्या चाकांनी उडवलेलं पाणी धाडकन काचेवर आलं की तो ताबडतोब पातं फिरवतो. त्या दोन क्षणांत माझे हात स्टीअरिंगवरच राहतात आणि नजर रस्त्यावर. त्याचं सगळ्यात मोठं देणं मला हेच वाटतं.

हा आला कुठून, हे पाहिलं तर त्याच्या घराण्यात माणसांच्या अडचणी दिसतात. अमेरिकेतल्या अलाबामाच्या मेरी अँडरसन न्यूयॉर्कला गेल्या असताना त्यांनी पाहिलं, की हिमवर्षावात ट्रामचा चालक पुढचं दिसावं म्हणून काच उघडून गारठ्यात गाडी हाकतोय. १९०३ साली त्यांनी आतून हाताने फिरवायच्या वायपरचं पेटंट घेतलं. पुढे रॉबर्ट कर्न्स आले. १९५३ साली लग्नाच्या रात्री शॅम्पेनचं बूच उडून त्यांचा डावा डोळा गेला होता. रिमझिम पावसात गाडी चालवताना त्यांना वाटलं, की पापणी मध्येच मिटते आणि उघडते, मग वायपर का नाही? त्यातून थांबून थांबून फिरणारा वायपर आला. त्या शोधाच्या हक्कासाठी ते मोटार कंपन्यांशी वर्षानुवर्षं भांडले, आणि १९९० मध्ये फोर्डने त्यांना १ कोटी २ लाख डॉलर देऊन खटला मिटवला.

कर्न्स यांच्यामुळे वायपरला पापणी मिळाली, पण ती कधी मिटायची हे माणूसच सांगत होता. १९७० च्या सित्रोएन एसएम गाडीत एक युक्ती निघाली. काच कोरडी होत आली की पातं घासतं आणि मोटर जास्त वीज ओढते, त्यावरून ती गाडी पावसाचा अंदाज घ्यायची. माझ्या गाडीतला हा उजेडाचा हिशेब ठेवणारा त्यांच्या नंतरच्या पिढीतला.

त्याचा स्वभावही आता मला ठाऊक झालाय. कोरड्या धुळीला तो सहसा फसत नाही, कारण धूळ पाण्यासारखी काचेला घट्ट बिलगत नाही. चिखल, तेलकट डाग किंवा त्याच्याच जागी उडालेली काचेची कपची मात्र त्याला चकवते. आतून काचेवर वाफ धरली तर त्याला पत्ता लागत नाही. त्याची खिडकी बाहेरच्या बाजूची आहे. आणि गाडी चालू ठेवून ओला फडका त्याच्या जागेवरून फिरवला, तर तो पाऊसच समजतो. म्हणून गाडी धुण्याआधी दांडी ‘ऑटो’वरून बंदवर आणायची, नाहीतर पातं पुसणाऱ्याच्या हातावर येतं.

एकदा तो बिघडला, असं मला वाटलं होतं. दगड लागून काच तडकली, ती एका दुकानात बदलून घेतली, आणि दुसऱ्याच दिवशी ऐन एप्रिलच्या उन्हात वायपर कोरड्या काचेवर कर्रकर्र फिरू लागला. ओळखीच्या मेकॅनिककडे गेले. त्याने आरशामागचं झाकण काढलं, बॅटरी लावून बाहेरून त्या जागेत निरखून पाहिलं आणि मला जवळ बोलावलं. "ताई, हे बघा." डबी आणि काच यांच्यामध्ये पारदर्शक, मऊ जेलचा एक पापुद्रा असतो. त्यात मसुरीच्या डाळीएवढा हवेचा बुडबुडा अडकला होता. "सेन्सर चांगलाय. मध्ये हवा राहिलीय, उजेड काचेत नीट जातच नाही." उजेड परतत नव्हता, म्हणून निरभ्र आभाळाखाली त्याला मुसळधार पाऊस वाटत होता. तो आपलं काम चोखच करत होता. शीतच आम्ही त्याला चुकीचं दिलं होतं. नवा पापुद्रा बसला, अंगठ्याने दाबून हवा काढली, आणि तो शांत झाला.

तेव्हापासून मृगाच्या आधी मी एक काम न चुकता करते. गाडी बंद करून, आरशासमोरची ती बोटभर जागा बाहेरून स्वच्छ पुसते. वायपरची रबरं बघते. त्याला जेवढं दिसतं तेवढं तरी खरं दिसावं, एवढं माझ्या हातात आहे.

त्या दिवशी घाट उतरून निजामपूरच्या बाजूला आलो तेव्हा ऊन पडलं होतं. पातं एकदा फिरलं आणि खाली जाऊन निजलं. काचेच्या कडांना अजून थेंब होते, उन्हात चमकत होते. आई त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हे राहिले की."

"ते कडेचे," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली. "मधलं शीत शिजलंय."