विरळ हवेतील युद्ध

१९९९च्या उन्हाळ्यात द्रासच्या खोऱ्यातून टायगर हिलच्या दिशेने १५५ मिलिमीटरचे गोळे सुटत होते, तेव्हा तोफखान्यापुढे शत्रूइतकाच हवेचाही प्रश्न होता. तोफेचा पल्ला कोष्टकांवरून काढतात आणि त्या कोष्टकांमागे हवेची ठरावीक घनता गृहीत धरलेली असते. समुद्रसपाटीला एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलो, पाच हजार मीटरवर ते जेमतेम ०.७४ किलो भरते. रोध घनतेच्या प्रमाणात घटतो आणि गोळा अपेक्षेपेक्षा पुढे जातो. उलट, गारठलेली दारू मंद जळते, नळीतून सुटतानाचा वेग कमी होतो आणि गोळा अलीकडे पडतो. या दोन चुका परस्परांना खोडून काढतील, असा भरवसा कोणत्याही गणितज्ञाने धरू नये! मैदानात शंभर मीटरची चूक शंभर मीटरचीच राहते. सुरीच्या पात्यासारख्या कड्यावर तेवढ्याने गोळा पलीकडच्या दरीत उतरतो. कारगिलमध्ये बोफोर्स तोफा थेट नेम धरूनही डागल्या गेल्या, त्याचे मर्म या भूमितीत शोधता येते.

तोफेची चूक पुढच्या गोळ्यात सुधारता येते. फुप्फुसाचे तसे नाही. १९६२च्या युद्धात सपाटीवरचे जवान घाईघाईने हिमालयात चढवले गेले. प्राणवायू कमी पडला की फुप्फुसातील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यांतील दाब वाढतो आणि द्रव वायुकोशांत झिरपू लागतो. धट्टाकट्टा तरुणही त्यातून सुटत नाही. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांच्या निरीक्षणांवर आधारलेला शोधनिबंध १९६९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केला. उंचीच्या आजारांवरील हे पायाभूत काम भारतीय लष्करी डॉक्टरांचे आहे, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना क्वचितच ठाऊक असते.

आज वर जाणाऱ्या जवानाला टप्प्याटप्प्याने सरावले जाते: आधी सहा दिवस, मग प्रत्येकी चार दिवसांचे दोन टप्पे. तरीही कोणी आजारी पडलाच, तर खात्रीचा उपाय एकच, त्याला त्वरेने खाली आणणे. त्यासाठी सियाचीनवर चीता हेलिकॉप्टर येते. पण त्याच विरळ हवेत पात्यांना उचल कमी मिळते, इंजिनाची शक्तीही घटते, म्हणून सर्वांत वरच्या चौक्यांवर ते अगदी मोजके ओझे नेऊ शकते. हिमवादळात तर ते उडतच नाही. तोवर सोबत्यांच्या हाती उरतात ऑक्सिजनचा सिलिंडर आणि पायपंपाने हवा भरून आतला दाब वाढवणारी पिशवी, जिच्यात आजारी जवानाला निजवून ते पंप मारत राहतात.